भाऊंची हरकत

तारीख दहा ऑगस्ट, रविवार, सकाळी साडेदहा. हरकतीच्या खर्चासाठी जमलेली रक्कम सहा हजार दोनशे रुपये, म्हणजे एकतीस घरांचे प्रत्येकी दोनशे. हजर माणसे चौदा. त्यांत अकरा सभासद, दोन सभासदांची नातवंडे आणि एक विजेचे मीटर पाहायला आलेला माणूस. तो दाराशी अडकला आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. मनीषनगरातल्या आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, नागरिक मंडळाचा मी कोषाध्यक्ष. सचिव मुलाकडे बंगलोरला गेल्यापासून इतिवृत्तही मीच लिहितो. त्या दिवशी एकच ठराव झाला : "चौदा नंबरच्या रिकाम्या बंगल्यात होऊ घातलेल्या ऑटोचालक वसतिगृहास मंडळाची तीव्र हरकत आहे." खाली अध्यक्षांची सही आहे. शेजारी माझीही आहे. मूळ कागद न वाचता मी ती केली, हे आधीच सांगून टाकतो.

अध्यक्ष म्हणजे भाऊ. ते आता ले-आऊट सोडून मुलाकडे राहायला गेले, दारावरची पाटी काढून सोबत घेऊन गेले. पाटीवर नावाखाली 'नगरसेवक' असे लिहिले होते. त्यांची मुदत संपली, नवी निवडणूक लांबत गेली, आणि या मधल्या काळात आपण माजी झालो की नाही याबद्दल भाऊंचे मत ठाम होते. पेंटर म्हणतो 'माजी' लिहायला जागाच नाही, असे ते सांगत. पाटीच्या डाव्या बाजूला साडेचार इंच जागा होती. मी मोजली आहे.

हरकत घेणे ही त्यांची काम करायची रीत होती. "काम केलं तं लोकं विसरते," ते म्हणत, "हरकत घेतली तं लोकं घरी येते." आणि खरेच येत. रस्त्यात गतिरोधक व्हायचा असला की भाऊ आधी हरकत घेत. मग चार माणसे समजूत घालायला जात, वहिनी चहा करत, भाऊ डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "तुमच्यासाठी मागं घेतो." पंधरा दिवसांनी त्याच गतिरोधकाची फीत तेच कापत.

दुसरी सवय वाचण्याची. कोणताही कागद हातात आला की ते पहिला शब्द वाचत, कागदाची घडी घालत आणि "आपला अभ्यास आहे" असे म्हणून तो खिशात टाकत. एकदा महापालिकेकडून 'सार्वजनिक वाचनालयासाठी जागा' असा कागद आला. 'सार्वजनिक' वाचून भाऊ म्हणाले, "सार्वजनिक म्हणजे संडासच असते. लेकीबाळी जाते इथून." दोन महिने त्यांनी तो संडास अडवला. वाचनालय शेजारच्या ले-आऊटला मिळाले. मी तिथे वर्षाला तीनशे रुपये भरून पुस्तके आणतो आणि जाता-येता अकराशे पावले जास्तीची चालतो.

तिसरी गोष्ट त्यांची खुर्ची. कुठल्याशा सत्कारात मंडपवाल्याची खुर्ची त्यांच्याखाली मोडली. तेव्हापासून ते स्वतःच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीशिवाय कुठेही बसत नसत. सभा असो, लग्न असो की मयत, भाऊ स्कूटरवर पुढे आणि खुर्ची मागे दोरीने बांधलेली. ती रिकामी असली तरी तिच्यात बसायची ले-आऊटात कोणाची छाती नव्हती.

तर त्या रविवारी संध्याकाळी मी पावत्या लावायला बसलो. प्रत्येक निधीच्या फाइलला मूळ कागद जोडायचा हा माझा नियम. भाऊंकडून मागून आणलेले, त्यांनी घडी घातलेले पत्र मी उघडले. विषय होता : "ऑटिस्टिक युवकांसाठी निवास, ना हरकत पत्र मिळणेबाबत." एका संस्थेचे पत्र होते. सहा स्वमग्न तरुण, दोन सेविका, एक स्वयंपाकीण. ऑटोचा पत्रात कुठेही उल्लेख नव्हता. मी दोनदा पाहिले.

सकाळी सात वाजता मी भाऊंकडे गेलो.

"भाऊ, हे ऑटोवाल्यांचं नाही. ऑटिझम. स्वमग्न मुलं."

"स्वमग्न म्हणजे?"

"म्हणजे आपल्याच तंद्रीत राहणारी. आपण हाक मारली तरी लक्ष देतीलच असं नाही."

"मग ऑटोवालेच ना गा," भाऊ म्हणाले. "हात दाखवा का आवाज द्या, थांबते काय तो?"

मी पुन्हा समजावले. या वेळी त्यांना समजले, हे मला त्यांच्या कपावरून कळले, कारण कप तोंडाशी नेताना मध्येच थांबला. पण तोवर उशीर झाला होता. ले-आऊटच्या तोंडाशी दहा फुटी बॅनर रात्रीच लागला होता : 'ऑटोवाल्यांचे वसतिगृह मनीषनगरात होऊ देणार नाही.' वर भाऊंचा हात जोडलेला फोटो.

साडेनऊला त्यांच्या दारासमोर तेवीस ऑटो उभे राहिले. पुढे देवाजी. देवाजी आमच्या चौकातले जुने ऑटोवाले, आवाज कधी चढत नाही.

"भाऊ, तुमच्या आईले दवाखान्यात कोणं नेलं होतं?" त्यांनी विचारले. "आम्ही राहायले आलो तं तुमचं काय बिघडते? आणि आम्ही येऊन कुठं राहिलो? आम्हाले तं बॅनर वाचून समजलं का आमचं हॉस्टेल होऊन राहिलं. दोघा जणांनी फॉर्म कुठं मिळते म्हणून विचारलं."

भाऊंनी अर्धे मिनिट विचार केला. आपण चुकीचे वाचले असे म्हटले असते तर हा प्रश्न सुटला असता. ते म्हणाले, "ऑटोवाले आपले बांधव आहे. आपली हरकत ऑटोले नाही. ऑटिस्टिकले आहे."

देवाजींनी शेजारच्या पोराला ऑटिस्टिक म्हणजे काय ते विचारले. पोराने फोनमध्ये पाहून सांगितले.

"म्हणजे मयूर," ते म्हणाले. "ऑटोवाल्याले नाव ठेवलं ते सोडून देतो. मयूरले काहून नाव ठेवलं गा भाऊ?"

मयूर हा नऊ नंबरच्या सुलोचनाताईंचा मुलगा, वय तेवीस. ताई शाळेत कारकून होत्या, आता निवृत्त. यजमान वारले. मयूर रोज सकाळी कागदी पिशव्या करायच्या कार्यशाळेत जातो आणि संध्याकाळी येतो, दोन्ही वेळा देवाजींच्या ऑटोत, डावीकडे बसून. अकरा वर्षे झाली; आधी शाळेत, आता कार्यशाळेत. देवाजी आजारी पडले की मयूरही घरी राहतो.

त्या दुपारी ताई माझ्याकडे आल्या. चौदा नंबरचे सहा तरुण कोण ते मला तेव्हा कळले. त्यांतला एक मयूर होता.

"माझ्या पोटात गाठ आहे," त्या म्हणाल्या. "चार सप्टेंबरची तारीख भेटली ऑपरेशनची. दोनदा पुढं ढकललं. डॉक्टर म्हणते आता नाही ढकलायचं. याले ठेवू कुठं? कुहीले माझा भाऊ आहे, तो ठेवतो म्हणते. मागच्या वेळेस ठेवलं होतं पाच दिवस. शेतावर जाताना बाहेरून कडी लावून जाय. मी आणायले गेली तं मयूरच्या बोटाले नखं नव्हते."

मी दरवाजा कसला होता असे विचारले. का विचारले ते माहीत नाही. सागाचा, त्या म्हणाल्या.

चौदा नंबरचे मालक पुण्याला असतात. त्यांना मी फोन केला. त्यांचे म्हणणे सरळ होते : मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीचे ना हरकत पत्र एकतीस ऑगस्टपर्यंत आले तर बंगला संस्थेला, नाहीतर एका पाइपवाल्याला गोदामासाठी. म्हणजे सगळे भाऊंच्या सहीवर आले.

भाऊ सही करीनात. "विनंती करायले आले असते तं विचार केला असता," ते म्हणाले. "तेवीस ऑटो घेऊन आले. दबावात हरकत मागं घेतली तं पुढच्या हरकतीले कोण विचारन?" आणि त्याच दिवशी त्यांनी जुन्या बॅनरखाली नवा लावला : 'ऑटोवाले आमचे बांधव. विरोध फक्त ऑटिस्टिकला.'

याने जे व्हायचे ते झाले. दोन्ही बॅनरांचा एकत्र फोटो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शहरभर फिरला. ले-आऊटच्या ग्रुपवर रात्रीपर्यंत एकशे चाळीस संदेश आले, त्यांत नेहमीची फुले आणि सुविचार धरलेले नाहीत. अशा मुलांचे आईबाप कुठून कुठून आले आणि बॅनरखाली शांतपणे उभे राहिले. कोणी घोषणा दिली नाही. एका मुलाने तर दोन्ही बॅनरांवरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखवली आणि दुसऱ्यातली शुद्धलेखनाची चूक काढली.

मग वॉर्डाने हरकत घ्यायला सुरुवात केली. भाऊंनी हात दाखवला की ऑटो थांबायचा. ऑटोवाला आदराने विचारायचा, "कुठं जायचं भाऊ?" भाऊ सांगायचे. तो म्हणायचा, "हरकत आहे," आणि निघून जायचा. एका दिवसात नऊ ऑटो असे थांबून गेले. भाजीवाली म्हणाली, "वांग्याले हरकत आहे भाऊ, भेंडी नेता काय?" न्हाव्याने डावा गाल पूर्ण केला, वस्तरा पुसला, डबीत ठेवला आणि उजव्या गालाला हरकत घेतली. भाऊ तसेच माझ्या दारात आले.

"ब्लेड आहे काय?"

मी दिले. आरशासमोर उभे राहून ते म्हणाले, "अभ्यास नाही लोकायचा." उजवा गाल करताना दोन ठिकाणी कापले. मी विचारले, ताईंचं ऑपरेशन आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? त्यांनी नळ सोडला. ब्लेड धुऊन परत दिले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक असते. गावातली रोगराई, महागाई, वाईट माणसे यांचे मोठमोठे पुतळे करून वाजतगाजत बाहेर नेतात. पुरुषाचा पुतळा असला तर त्याला बडग्या म्हणतात. ऑटोवाल्यांनी भाऊंचा बडग्या केला. अकरा फूट उंच, अर्धी दाढी, खुर्चीत बसलेला. आदल्या रात्री भाऊंना कोणीतरी सांगितले. वहिनींना वाटले आता हे पोलिसात जातील. भाऊ स्कूटरला खुर्ची बांधून बडग्या बनत होता तिथे गेले. मीही मागोमाग गेलो, काही बरेवाईट झाले तर साक्षीदार असावा म्हणून.

भाऊंनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली.

"खुर्ची निळी काहून?" ते म्हणाले. "माझी लाल आहे. सगळ्या दुनियेले माहीत आहे."

"लाल कागद संपला भाऊ," एक ऑटोवाला म्हणाला.

"मग आणा ना. आणि पोट एवढंसं? मी काय उपाशी आहे काय?"

लाल कागदाचे ऐंशी रुपये त्यांनी स्वतः दिले. परत येताना मला म्हणाले, "मोठमोठ्या मंत्र्यायचे बडग्ये निघते. या वॉर्डातल्या माणसाचा आजवर निघाला नव्हता." दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडत लोकांनी त्यांना वॉर्डाबाहेर नेले तेव्हा ते गच्चीवरून हात हलवत होते.

एवढे होऊनही सही नव्हतीच. एकतीस तारखेला आठ दिवस उरले. मंडळाच्या नियमाप्रमाणे सात सभासदांनी मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते. मी सात सह्या गोळा केल्या, पहिली माझी. सभा रविवारी संध्याकाळी सहाला. हजर सव्वीस, शिवाय दारात उभे असलेले देवाजी आणि त्यांचे चार साथीदार. ताई मयूरला घेऊन आल्या होत्या, घरी ठेवायला कोणी नाही म्हणून.

संस्थेच्या बाईंनी मुलांबद्दल माहिती दिली. त्या म्हणाल्या, या मुलांना ठरलेली वेळ लागते. ठरलेली जागा लागते. त्यांच्या वस्तूंना कोणी हात लावलेला चालत नाही. एखादे वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणतात. एकदा मनात बसले की बदलायला वेळ लागतो. रागवायचे नाही, थांबायचे.

भाऊंच्या घरच्या वहिनी सभेत कधी बोलत नाहीत. त्या मागून म्हणाल्या, "बाई, हे तं आमच्या घरी बावीस वर्षांपासून सुरू आहे. याले सरकार काही अनुदान देते काय?"

हसणे थांबायला बराच वेळ लागला. भाऊ हसले नाहीत. ते बोलायला उभे राहिले, दोन पावले पुढे आले आणि त्यांनी सुरुवात केली की आपल्या हरकतीमागे अभ्यास आहे. ते असे बोलत असताना मयूर उठला, पुढे गेला आणि लाल खुर्चीत बसला. सगळे खुर्चीकडे पाहू लागले. भाऊंनी मागे वळून पाहिले.

"उठ गा. ती माझी आहे."

मयूरने खुर्चीच्या हातावरून बोट फिरवले. "लाल," तो म्हणाला, आणि आणखी मागे सरकून नीट बसला.

ताईंचा चेहरा उतरला. ज्यांच्या सहीसाठी आल्या त्यांचीच खुर्ची. "भाऊ, माफ करा," त्या म्हणाल्या. "आता अर्धा तास नाही उठत तो. ओढलं तं त्याले लय तरास होते. मी पाया पडते तुमच्या."

त्या खरेच वाकायला लागल्या. भाऊ गडबडले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "अवं, काही हरकत नाही ताई. काही हरकत नाही."

सहा वाजून बावन्न मिनिटे झाली होती. मी लिहिले आणि लिहिलेले मोठ्याने वाचले : "अध्यक्ष : काही हरकत नाही. दोनदा."

दारातून देवाजी म्हणाले, "लिहिलं काय साहेब?"

"लिहिलं."

"मी खुर्चीचं बोललो," भाऊ म्हणाले.

"भाऊ, सभेत बोललेले शब्द मी लिहितो. कशाबद्दल ते लिहीत नाही."

हे पूर्ण खरे नव्हते. गेल्या सहा वर्षांच्या इतिवृत्तांत मी पाच ठिकाणी कंसात विषय लिहिलेला आहे. पण त्या वेळी मी तसे म्हणालो, आणि सव्वीस माणसांपैकी कोणी मला खोडले नाही.

भाऊ उभेच राहिले. चार जणांनी आपापल्या खुर्च्या पुढे केल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. मयूरकडे पाहत, पाठीमागे हात बांधून, ते चाळीस मिनिटे उभे होते. मयूर त्यांच्याकडे पाहत नव्हता. मी तयार करून आणलेले ना हरकत पत्र शेवटी त्यांच्यापुढे धरले. त्यांनी नेहमीप्रमाणे पहिला शब्द वाचला.

"पहिला शब्द 'ना' आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "म्हणजे आपला नकार कायम आहे." आणि सही केली.

त्यांना पुढचे शब्द दिसले होते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. चष्मा डोळ्यांवर होता एवढे नक्की.

सहा हजार दोनशे रुपये मी दोन संध्याकाळी घरोघर परत केले. बॅनरचे बिल भाऊंच्या नावावर होते, ते त्यांनी भरले. चौदा नंबर उघडला. तीन सप्टेंबरला मयूर तिथे राहायला गेला, चारला ताईंचे ऑपरेशन झाले. गाठ साधी निघाली, पण बारा दिवस दवाखान्यात राहावे लागणार होते.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. संध्याकाळी कार्यशाळेतून मयूर ऑटोत बसला तो नऊ नंबरला उतरायचे म्हणून. नऊ नंबरला कुलूप. मयूर उतरेना, चौदा नंबरलाही जाऊ देईना. कुलूप आहे म्हणजे खेप चुकली, असा त्याचा हिशेब असावा. त्याने कार्यशाळेच्या दिशेला बोट दाखवले. देवाजींनी ऑटो वळवला, तीन किलोमीटर परत गेले, दारापर्यंत जाऊन पुन्हा आले. कुलूप होतेच. पहिल्या दिवशी अशा पाच जादा चकरा झाल्या. मग तो थकून झोपला तेव्हा त्याला चौदा नंबरला नेले. दुसऱ्या दिवशी चार.

भाऊंचे घर नऊ नंबरच्या समोर. तिसऱ्या दिवशी ते रस्त्यात ऑटोच्या आडवे उभे राहिले.

"किती चकरा मारतो गा?"

"मयूर म्हणते तेवढ्या," देवाजी म्हणाले.

"पैसे कोण देते?"

"कोणी नाही. मी मागितले नाही."

"मग माझी हरकत आहे. पेट्रोल तुझा सासरा देते काय?"

"भाऊ, बाजूला व्हा. पोरगा बसला आहे आत."

भाऊ बाजूला झाले आणि माझ्याकडे आले. देवाजी त्यांच्या हातून पैसे घेणार नाहीत हे त्यांना माहीत होते. चकरा मी मोजायच्या, पैसे भाऊंनी मला द्यायचे, मी देवाजींना, असे ठरले. दर शंभर रुपये भाऊंनीच लावला. देवाजी आधी नको म्हणाले, मग म्हणाले, "घेतो. पण सीट नाही देत त्यायले, सांगून द्या." मी सांगितले. भाऊ म्हणाले, "मले तरी कुठं जायचं आहे."

रविवारी कार्यशाळेला सुट्टी, तो दिवस सोडला. बाकीच्या सात दिवसांच्या जादा चकरा अशा : पाच, चार, चार, तीन, दोन, दोन, एक. बारा तारखेला, शुक्रवारी, सव्वापाचला मी आणि भाऊ आपापल्या फाटकाशी उभे होतो. ऑटो गल्लीच्या तोंडाशी आला, हळू झाला. मयूरने नऊ नंबरकडे पाहिले, कुलूप पाहिले, आणि बोट चौदा नंबरकडे केले. देवाजींनी ऑटो तिकडे घेतला. मयूर उतरला, पिशवी खांद्याला लावली आणि आत गेला. भाऊ माझ्याकडे न पाहता घरात गेले.

तेरा सप्टेंबर, शनिवार. जादा चकरा एकवीस, दर शंभर, एकूण दोन हजार शंभर रुपये रोख देवाजींना पोचते केले, सही घेतली. बारा तारखेच्या चकरा शून्य. त्या दिवसाचे काही देणे नव्हते.